आत्याने कुलूप लावू दिलं नाही

माझी आत्या पंख्यांच्या मोटरी भरते. जळालेली तार काढायची, नवी तांब्याची तार गुंडाळायची, वार्निश लावायचं. दुकान आजोबांचं, निम्मं तिचं, निम्मं माझ्या वडिलांचं. माझं तोंड तिच्यावर गेलंय असं घरचे म्हणतात. म्हणोत बापडे.

दूरच्या समुद्रात ज्वालामुखी फुटला. त्याचा धूर उंच जाऊन आभाळभर विरळ पसरला आणि उन्हातला जोरच गेला. तो उन्हाळा थंड गेला, पुढचाही. पंख्यांना कुणी हात लावेना. दुकानात माश्या मारायची पाळी आली. वडिलांनी ठरवलं, दुकान ब्लँकेटवाल्याला देऊन टाकायचं.

"जग थंड झालंय, ताई."

"गोळीने ताप उतरला म्हणजे दुखणं गेलं का रे? धूर खाली बसेल. शिवाय समुद्र काही वर्षांनी तापतोच, मग जमीन भाजून निघते. दोन्ही एकदम झालं की बघ."

"कधी होणार ते?"

"तारीख मला कशाला विचारतोस? मी काय समुद्राची सासू आहे?"

आत्या आणि वडील लहान असताना असंच झालं होतं. आजोबांनी घाबरून तार गुंडाळायचं मशीन विकलं आणि उन्हाळा परतल्यावर ते दुसऱ्याच्या दुकानात नोकर म्हणून राबले. आत्या ते विसरली नव्हती. वडील सोयीस्कर विसरले होते.

एका सकाळी वडील नवंकोरं कुलूप घेऊन दुकानात गेले. मी मागोमाग गेले, नाहीतर पुढे काय झालं ते त्यांनी धड सांगितलंच नसतं. आत्या तार गुंडाळत बसली होती.

"ऊठ, ताई. कुलूप लावायचंय."

"लाव की. मला आत ठेवून लाव."

तिचा हात थांबला नाही. शेजारचा न्हावी गिऱ्हाईक सोडून दारात येऊन उभा राहिला. वडिलांनी कुलूप टेबलावर आपटलं आणि चालते झाले.

मग बोलणंच बंद. आत्या मिक्सर भरायची, पाण्याचे पंप भरायची, कधी अर्धपोटी झोपायची, पण जागची हलली नाही. मला तिचा राग यायचा. अभिमान त्याहून जास्त वाटायचा.

पुढे आभाळ निवळलं. समुद्र तापल्याच्या बातम्या आल्या, आणि त्यामागून ऊन आलं. भिंतीला हात लावला तरी चटका बसायचा. दिवसरात्र फिरून फिरून पंखे जळू लागले आणि दुकानापुढे रांग लागली. वडील थेट टेबलापाशी आले. पंखा ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला, लोकांना दिसू नये म्हणून.

"ताई, जीव चाललाय उकाड्याने."

"सगळ्यांचाच चाललाय. रांगेत उभा राहा."

राहिले. नंबर आल्यावर तिने मोटर भरली, पंखा चालवून बघितला. पहिला वारा वडिलांच्या घामेजल्या तोंडावर गेला. मग तिने खणातून ते कुलूप काढलं.

"हेही तुझंच. घेऊन जा."

वडिलांनी खिशातलं जुडगं काढून त्यातली एक किल्ली सोडवली आणि कुलपाशेजारी ठेवली.

"राहू दे. रात्री दुकान बंद करताना तुला लागेल."

आत्याने किल्ली पदराला बांधली.

"पुढचा कोण?" ती म्हणाली.