जास्वंदीचा चहा आणि अक्कांचा हट्ट

अक्का आज सकाळी गेल्या. आणि जाईपर्यंत एक गोष्ट त्यांनी माझ्याजवळ कबूल केली नाही.

अक्का म्हणजे माझ्या मोठ्या नणंदबाई. ऐन तारुण्यात विधवा होऊन पारोळ्याला माहेरी परत आलेल्या.

सत्त्याऐंशी साली मी त्या घरात सून म्हणून आले, तेव्हा स्टोव्ह अक्कांच्या ताब्यात होता.

सर्दीला गवती चहा. झोपेसाठी गुलाबपाकळ्या. गुडघ्यांना पारिजातकाची पानं.
आणि स्वतःच्या बीपीसाठी जास्वंदीची फुलं उकळून, वर लिंबू पिळून, लालभडक पाणी.

मला फक्त एक कप दुधाचा चहा हवा असायचा.
तो मागितला की पित्तावर लेक्चर!

डॉक्टरांनी बीपीच्या गोळ्या दिल्या होत्या. "घेतल्या का?" विचारलं की अक्का मान हलवायच्या. मी विश्वास ठेवला. मूर्ख मी.

नव्वदच्या उन्हाळ्यात एका सकाळी अक्कांच्या हातातून कप पडला. तोंड एका बाजूला ओढलं गेलेलं. हे कामासाठी सावद्याला गेलेले.

अक्का मला म्हणाल्या, "माले काहीच व्हयेल नही. जास्वंद उकळ."

उकळायला म्हणून डबा उघडला, तर सुकलेल्या फुलांखाली गोळ्यांची पाकिटं. एकही फोडलेलं नाही.

संताप संताप झाला. शेजारच्या भाऊंची जीप काढायला लावली आणि अक्कांना घेऊन थेट धुळं गाठलं.

अर्धांगाचा झटका होता. वेळेवर पोचल्या म्हणून वाचल्या. डॉक्टर म्हणाले, चहा हवा तर घ्या, पण गोळीच्या जागी नाही.

त्यानंतर कितीतरी वर्षं रोज सकाळी मी गोळी हातावर ठेवायची, अक्का गिळेपर्यंत समोर उभी राहायची. मग चहा.

आणि पाहुण्यांना काय सांगायच्या? जास्वंदीनं बरी झाले.

मी एकदा वैतागून म्हटलं, "अक्का, गोळीचंही सांगा ना."

"गोळी तं बठ्ठाच खातस," म्हणाल्या. सगळेच खातात, त्यात काय सांगायचं!

आज दुपारी गल्लीतली मंगल माझ्याजवळ येऊन बसली. तिलाही बीपी. म्हणाली, वहिनी, अक्का मला फुलं द्यायच्या, पण आधी डॉक्टरची चिठ्ठी बघायच्या. गोळ्या संपल्या असतील तर हात हलवत परत पाठवायच्या. सगळ्याच बायकांना.

मंगलनं एकदा चिडून कारण विचारलं होतं.
तेव्हा अक्कांनी उजवा हात पुढे केला होता.
"मी ऐकं नही. देख, अजून थरथरस."

इतकी वर्षं गल्लीभर हे सांगत होत्या.
मला सोडून.

अक्का, एकदा माझ्याजवळही म्हणायचं होतंत हो. मी काय हिणवलं असतं?
बरं, हिणवलं असतं थोडं.

या आता. तुमच्या सुमनचा नमस्कार.