गुडघा घेऊन कुरुंद्याला

पुण्याच्या डॉक्टरांनी "सांधा बदलण्याचा विचार करून ठेवा" म्हटलं आणि मी घरी येऊन बॅग भरली. सत्तेचाळिसाव्या वर्षी सांधा बदलायचा? कॉलेजात खो-खो खेळताना डाव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं, ऑपरेशन राहूनच गेलं. आता आपलं धड चालणं संपलं, या भीतीनं झोप उडाली होती. म्हटलं, पाय चालतोय तोवर कुरुंदा गाठू. खो-खोच्या संघातली माझी मैत्रीण शबाना तिथे हळद पिकवते.

नांदेडपर्यंत रेल्वे, पुढे वसमतची एसटी; बायकांना अर्धं तिकीट. वसमतहून कुरुंद्याला काळी-पिवळी जीप. ती भरल्याशिवाय हलत नाही, पाणी जवळ ठेवा. जायचंच तर फेब्रुवारी-मार्चात जा. हळद शिजवायचे दिवस असतात, शिवारभर तो मातकट, उग्र वास भरलेला असतो.

शबानाच्या सासूबाईंनी, म्हणजे अम्मींनी, मला लंगडताना पाहिलं आणि खुर्ची आली, उशी आली, हळद-चुन्याचा गरम लेप आला. पाण्याला उठले तरी ओरडा, "काहून उठून राहिलीस? बस बराबर!" शेजारणीही आपापला लेप घेऊन आल्या. दोन दिवसांत गुडघा केशरी झाला, ठणका होता तिथेच. जेवण मात्र झकास: ज्वारीची भाकरी, मसाल्याचं वांगं, ठेचा.

शेवटी शबानानं मला वसमतला हाडांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं. गुडघा बघताच त्या हसल्या, "कुरुंद्याहून आलात का?" मग रिपोर्ट पाहिले, पाय वाकवून बघितला, टेपनं दोन्ही मांड्या मोजल्या. डावी चांगलीच बारीक भरली.

"इतकी वर्षं पाय जपलात, म्हणून मांडीचा स्नायू वाळला. भार सांध्यावर आला, आतल्या बाजूची झीज झाली. ती काही भरून येणार नाही. पण स्नायू वाढवता येतो, तो गुडघा सावरून धरतो. सध्या ऑपरेशनची घाई नको. व्यायाम करा, चालत राहा."

मी तिथेच रडायला लागले.

"अगं, चांगलंच सांगून राहिल्या न त्या!" शबाना गोंधळली.

"म्हणूनच रडतेय गं."

संध्याकाळी हळद वाळत घातली होती त्या खळ्यापर्यंत चालत जायचं म्हटल्यावर अम्मी हबकल्या. "पाहुणीला पायी नेलं तर गाव काय म्हणंल?" मी ऐकेना, तेव्हा त्या प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन माझ्यामागून निघाल्या. दर दहा पावलांना, "बसतीस का?" मी न्हाई म्हणायची आणि हसू आवरत पुढे चालायची. कित्येक वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

पुण्यात परतून आता काही महिने झाले. रोज व्यायाम करते, कंटाळा येतो, करते. गुडघा अजून करकरतो, थंडीत दुखतो. सांधा नवा झालेला नाही, होणारही नाही.

परवा जिना उतरले आणि खाली आल्यावर लक्षात आलं, आज प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवले नव्हते. चारचौघांसारखी एका पायरीवर एकच पाय टाकत उतरले होते. खात्री करायला परत वर गेले, परत उतरले. मग धापा टाकतच शबानाला फोन लावला. ती घाबरून विचारत होती, "काय झालं? पडलीस का?"

"न्हाई गं," मी म्हटलं, "उतरले."