डावा कोपरा

जगात पुढे जाण्यासाठी धडपडणारी माणसं मी पोत्याने पाहिली आहेत. पण दुसऱ्याला पुढे जाऊ न देण्यासाठीच जन्माला आलेला, आणि तरीही ज्याला एकही शत्रू नाही, असा माणूस एकच पाहिला. तो म्हणजे माझ्या जावयाचे थोरले भाऊ. वयाने माझ्या लेकाएवढे, पण मुलीच्या सासरचे, म्हणून मी त्यांना अहो-जाहो करते आणि ते मला मावशी म्हणतात. डॉक्टरेट करायला ते जर्मनीत, डार्मश्टाटला आले. एका धुकट संध्याकाळी प्रयोगशाळेतून परतताना विद्यापीठाच्या मैदानावर त्यांना खांद्यांवर चिलखतं चढवलेली मुलं अंड्याच्या आकाराच्या चेंडूपायी एकमेकांवर आदळताना दिसली. हा म्हणे अमेरिकन फुटबॉल. गृहस्थ सायकल थांबवून कुंपणाशी उभे राहिले, ते माझ्या मते अजून तिथेच आहेत. मध्यंतरी पदवी मिळाली, औषधांच्या कंपनीत नोकरी लागली, डोक्यावरचे केस निम्मे गेले; त्यांतलं काही त्यांच्या फारसं लक्षात आलेलं दिसत नाही.

या खेळात हल्ला करणारे अकरा वेगळे आणि अडवणारे अकरा वेगळे. एक टोळी मैदानात, तेव्हा दुसरी बाकावर. आमच्या गृहस्थांना फक्त अडवणारे दिसतात. पहिलं वर्ष त्यांनी पाण्याच्या बाटल्या उचलल्या, दुसरं वर्ष मैदानावर खुणांचे शंकू मांडले, मग बचावाच्या प्रशिक्षकाचे साहाय्यक झाले, आणि तिथेच अकरा वर्षं सुखाने मुरले. स्वतः हा खेळ ते कधी खेळलेले नाहीत. खेळले ते सांगलीला, कबड्डी. तीच विद्या त्यांनी जर्मन पोरांना दिली. "मावशी, डोळे फसवतात, खांदे फसवतात. कंबर फसवत नाही. कंबरेकडे बघायचं." आणखी एक मंत्र दिला: धरलं की सोडायचं नाही. पहिल्याच सामन्यात शिट्टी वाजून गेली तरी पाच धिप्पाड मुलं एकाच्या पायाला जळवांसारखी चिकटून राहिली. पंचांनी दंडाचे पिवळे रुमाल फेकले, मैदानावर झेंडू सांडल्यासारखे. आमचे गृहस्थ धावत पंचांकडे गेले आणि कळवळून म्हणाले, "अहो, पण त्याचा दम कुठे तुटलाय अजून!"

हे ऐकून मी हसले खरी, पण मला तोंड नव्हतं. शाळेत मीही कबड्डीत होते. डावा कोपरा. अंगाने भरलेली, अकलेने हलकी, आणि स्वतःला मोठी वाघीण समजणारी. आयुष्यातली माझी एकमेव पकड मी डोळे गच्च मिटून केली. "सोड ग मेले, मी पंच आहे!" असा आवाज आला तेव्हा कळलं की मिठीत चित्रकलेच्या बाई आहेत. तरी मी सोडलं नाही, कारण धरलं की सोडायचं नाही हे मलाही शिकवलेलं. सगळं मैदान हसलं. मी पुन्हा खेळले नाही.

हा किस्सा सांगितल्यापासून गृहस्थांना मी आपल्यातली वाटू लागले. मी इथे लेकीकडेच असते; दर गुरुवारी ते तिच्या स्वयंपाकघरात येतात, ओट्यावर अकरा बटाटे मांडतात, समोर कांदे, आणि खिडकीबाहेरच्या लिंडनच्या झाडाकडे बघत इतका वेळ गप्प राहतात, की चहावर साय धरते. एकदा मला घाई होती.

"मावशी, माझा डावा कोपरा कुठे गेला?"

"रश्श्यात."

त्यांनी वाटीत डोकावून त्याला मूक निरोप दिला आणि मगच घास घेतला.

त्यांचा सगळ्यांत मोठा विक्षिप्तपणा म्हणजे, अकरा वर्षांत त्यांनी आपल्या संघाला गुण मिळवताना पाहिलेलंच नाही. आपला हल्ला सुरू झाला की हे मैदानाकडे पाठ करून उभे. मला वाटायचं, अपशकुनाची भीती असेल.

यंदा वसंतात मुख्य प्रशिक्षक गाव सोडून गेले. संघ चालवणाऱ्या मंडळाने, म्हणजे फेराइनने, सांगितलं: शनिवारचा सामना तुम्ही मुख्य म्हणून सांभाळा, मग ठरवू. सांगलीला विहीणबाईंना, म्हणजे यांच्या आईंना, कोण आनंद! त्यांना साहाय्यक हा शब्दच सोसत नसे. मला फोन आला, "विहीणबाई, अकरा वर्षं दुसऱ्याच्या हाताखाली गेली हो त्याची. तुम्ही स्वतः जाऊन बघा आणि काय होतंय ते मला सांगा."

गेले. मैदान रानाच्या कडेला. दुपारचं ऊन, हवेत डँडेलियनच्या म्हाताऱ्या तरंगत होत्या, आणि सगळं कसं झोपेत पाहिल्यासारखं. गृहस्थ कडेला उभे होते, मैदानाकडे तोंड करून, सुई टोचून घ्यायला आलेल्या मुलासारखे. मुख्याला पाठ फिरवून कसं चालेल? मधूनच मान मागे वळे, आणि ते ती ओढून पुढे आणत. तेव्हा मी बाकाकडे पाहिलं. बचावाची ती आडदांड मुलं ओळीने बसली होती आणि सामन्याऐवजी गृहस्थांच्या पाठीकडे बघत होती. इतकी वर्षं ते मैदानाकडे पाठ करून नव्हे, या मुलांकडे तोंड करून उभे राहत होते. एवढं साधं माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

शेवटी आपल्या हल्ल्याने गुण मिळवले, लोकांनी आरोळ्या ठोकल्या. गृहस्थ कुंपणाशी आले. "मावशी, एवढंच असतं होय ते?" मग शेवटचं मिनिट अडवायचं उरलं. मुलं उठली, आणि हे कडेकडेने धावत सुटले, चक्क मराठीत ओरडत, "साखळी! साखळी! धर!" मुलांनी धरलं. आणि शिट्टी वाजताच शहाण्यासारखं सोडलंही.

फेराइनच्या अध्यक्षबाईंनी हात पुढे केला. "तर मग, हेर डॉक्टर, आता तुम्हीच मुख्य."

त्यांनी हात हातात घेतला, बाकाकडे पाहिलं आणि जर्मनमध्ये म्हणाले, "मला बाकासमोरच राहू द्या. त्या मुलांकडे बघायला दुसरं कोणी नाही."

संध्याकाळी फोन वाजला. "झाला का हो मुख्य?"

"देत होते. त्यांनीच नको म्हटलं." आणि जे पाहिलं ते सगळं सांगितलं.

"लहानपणी एसटीतही असाच करायचा," विहीणबाई हळूच म्हणाल्या. "खिडकी मिळाली तरी तिच्याकडे पाठ, आणि माझ्याकडे बघत बसायचा. मी ओरडायचे, अरे, बाहेर बघ की जरा."

आज गुरुवार. रस्सा करायचा आहे, पण एक बटाटा मी बाजूला काढून ठेवला आहे, तेवढा चिरवला नाही. लिंडनला नवी पानं आली आहेत. खिडकीशी उभी राहिले की ते शाळेचं मैदान दिसतं, चित्रकलेच्या बाई दिसतात, सगळ्यांचं हसू ऐकू येतं. त्या दिवशी एखादं माणूस खेळाकडे पाठ करून माझ्याकडे बघत उभं असतं, तर मी कदाचित डोळे उघडे ठेवले असते.