आधी रक्त, मग झोप

आमच्या समताला आकडी येते, हे मला पहिल्या दिवसापासून दिसत होतं. पण आईचं कोण ऐकतं? जावई म्हणायचे, "आई, टेन्शन आहे हो तिला. नोकरी सोडली की बिल्कुल ठीक होईल." हितेशराव माणूस चांगला, पण एकदा डोक्यात घेतलं की घेतलंच.

नोकरी केंद्र सरकारची, दिल्लीत. पोरीने वर्ध्यात अभ्यास करून, परीक्षा देऊन मिळवलेली. ती सोडायची, का तर रिपोर्ट नॉर्मल येतात म्हणून! एक डॉक्टर तर तोंडावर म्हणाला, मनाचे खेळ आहेत. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. समता शांतपणे म्हणाली, "आजाराचं नाव कळल्याशिवाय मी राजीनामा देणार नाही."

आम्ही दिल्लीत राहतो त्या द्वारका भागातल्याच एक डॉक्टरीणबाई मात्र ऐकून घेणाऱ्या निघाल्या. त्यांनी विचारलं, "आकडी आल्यावर किती वेळाने आणता?" मी म्हटलं, "आधी झोपू देतो तिला. उठली की चहा पाजतो, मग निघतो." त्यांनी कपाळाला हात लावला. म्हणाल्या, मोठ्या आकडीत स्नायू इतके राबतात की रक्तात लॅक्टेट नावाचं द्रव्य चढतं, रक्त आंबट होतं. तास-दोन तासांत ते आपोआप उतरायला लागतं. तुम्ही येता तोवर काही उरतच नाही. एवढ्यावरून सगळं ठरत नाही, पण लगेच आणलंत तर निदानाला मोठा आधार मिळेल.

घरी आल्यावर समताने आम्हा दोघांना बजावलं, "आता मला झोपू द्यायचं नाही. उचलायचं आणि न्यायचं."

एका रविवारी पोळ्या लाटताना ती पडली. अंग ताठ झालं, मग झटके. आम्ही तिला कुशीवर वळवलं, तोंडात काही घातलं नाही. झटके थांबले आणि ती गाढ झोपली. हितेशराव म्हणाले, "राहू द्या ना आई, किती थकलीय." अहो, मलाही तेच वाटत होतं! पोटची पोर आहे. पण मी ओरडले, "गाडी काढा आधी!" गाऊनवरच, पिठाने माखलेल्या हातांसकट नेली तिला.

पोचल्या पोचल्या रक्त घेतलं. लॅक्टेट कितीतरी पट चढलेलं, रक्त आंबट. दोन तासांनी पुन्हा घेतलं, तर बरंच खाली आलेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे नुसतं टेन्शन नाही. मेंदूची तपासणी पुन्हा करू, पण औषध आजच सुरू." हितेशराव बाकावर बसून राहिले. "मी तिला काय काय बोललो, आई," एवढंच म्हणाले. मी त्यांना बसू दिलं.

समताने डोळे उघडले. पहिला शब्द, "रक्त?"

"घेतलं गं बाई. चढलेलं निघालं."

ती हसली, आणि दुसऱ्याच क्षणी हमसून हमसून रडायला लागली. "आई, मी नाटक करत नव्हते."

लेकीला फेफरं निघालं म्हणून कुठली आई पेढे वाटते? मी वाटले, अख्ख्या वॉर्डात. आणायला हितेशरावच गेले होते.