मालक गावाला असतात

आमच्या गल्लीतले पुरुष एका गोष्टीवरून फार छाती फुगवून चालायचे. घर स्वतःच्या घामाचं, पण कागदावर नाव स्वतःचं नाही. नाव गावाकडच्या थोरल्या भावाचं, नाहीतर बापाचं. याला ते मर्यादा म्हणायचे. सुरतेला येऊन वीस वर्षं झाली तरी आम्ही मर्यादा सोडली नाही, असं एकमेकांना चहाच्या टपरीवर सांगायचे.

उधन्याला रुळांच्या पलीकडे एका शेतकऱ्याने शेताचे तुकडे पाडून विकले होते. तिथे आम्ही सगळे खानदेशातले लोक एकमेकांच्या ओळखीने येऊन बसलो होतो. कुणी साक्रीकडचं, कुणी अमळनेरकडचं. पुरुष लूमच्या कारखान्यात बारा-बारा तास उभे, आणि आम्ही बायका घरी बसून साड्यांचे धागे कापायचो, टिकल्या चिकटवायचो. आमच्या घराला निम्मे पैसे नवऱ्याच्या पगारातले लागले आणि निम्मे माझ्या धाग्यांतले. स्टॅम्पपेपर लिहिणाऱ्याने विचारलं, नाव कुणाचं टाकू? नवरा म्हणाला, "दादा असताना माझं नाव कसं लावू?" लिहिणाऱ्याने मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पदर पुढे ओढला आणि गप्प बसले. त्या गप्प बसण्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.

हे दादा म्हणजे माझे जेठ, थोरले दीर. गावाकडे शेती, घर, दारात बैलजोडी. आमच्या घराची एक वीट त्यांनी उचलली नाही. वास्तुशांतीला तेवढे आले, पाटावर बसले, टॉवेल-टोपी घेऊन गेले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात, पण नागोबा निदान बिळात राहायला तरी येतो. उलट त्यांनी आपली आई आमच्याकडे पाठवून दिली. थोरल्या सुनेशी तिचं पटत नव्हतं म्हणे. घर थोरल्याच्या नावावर आणि आई धाकट्याच्या गळ्यात, अशी ती मर्यादा होती.

सासूने तसा मला कधी जाच केला नाही. गुडघे धरलेले, डोळ्यांत फूल पडलेलं, पण हातात भाजीची सुरी द्या, बसल्या जागी पसाभर भेंडी चिरून देईल. तिचं एकच दुःख होतं आणि तेच आम्हा सगळ्या बायकांचं होतं. घराला मोरी होती, संडास नव्हता. मोरीचं पाणी दारापुढच्या उघड्या गटारात, आणि बायका उजाडायच्या आत डबे घेऊन रुळांकडे. गाडी आली की सगळ्यांनी उठून उभं राहायचं, तोंड फिरवायचं, गाडी गेली की पुन्हा बसायचं. मालगाडी असली तर डबे मोजता मोजता पाय भरून यायचे. सासूला एकदा बसल्यावर उठता यायचं नाही. मी आणि शेजारीण तिला दोन्ही बगलांतून उचलायचो.

मग माझ्या लक्षात आलं की ती दुपारनंतर पाणीच पीत नाही. भाकर खाल्ली की तांब्या बाजूला सारायची. सुरतेचा तो घामट उन्हाळा, अंगाला लुगडं चिकटतंय, आणि ही म्हातारी कोरड्या ओठांनी भेंडी चिरत बसलीय. मी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, वय झालं की तहान कमी होते. असला शहाणा नवरा मला मिळाला होता.

प्लेगची ती मोठी साथ आली, सगळ्यांसारखे आम्हीही गाठोडी बांधून गावाला पळालो, आणि परत आलो तेव्हा शहराला झाडू लागला होता. पालिकेने आमच्यासारख्या वस्त्यांसाठी योजना काढली. ज्या गल्लीतले सगळे घरमालक आपापला हिस्सा भरतील आणि सही करतील, त्या गल्लीत जमिनीखालून गटारलाइन पडेल, वर नळाची लाइन येईल, आणि घरात संडास बांधायची मोकळीक मिळेल. एक जरी मालक राहिला तरी खोदकाम नाही. पालिकेचा माणूस आला, चौथऱ्यावर उभा राहून त्याने हे सगळं दोनदा समजावून सांगितलं. त्या सगळ्या प्रकरणात डोकं ठिकाणावर असलेला तेवढा एकच माणूस मी पाहिला.

गल्लीचा प्रमुख म्हणून एक मुकादम होता. पांढरी सफारी, खिशाला दोन पेन, आणि त्यातलं एकही चालत नसे. तो म्हणाला, हिस्सा आठ दिवसांत गोळा होईल. आणि झालाही, कारण तो बायकांनी दिला. कुणी डाळीच्या डब्यातून काढला, कुणी भिशी उचलली. मी टिकल्यांचे हात धुऊन पैसे मोजून दिले. मुकादमाने ते घेतले आणि नवऱ्याकडे बघून म्हणाला, शाब्बास.

पुढच्या आठवड्यात पालिकेचा माणूस घरांचे कागद बघायला आला. पहिल्या घरी त्याने विचारलं, "मालिक कोण छे?" सांगितलं, थोरला भाऊ. कुठे राहतो? गावाला. दुसऱ्या घरी बाप, तोही गावाला. तिसऱ्या घरी पुन्हा थोरला भाऊ. पाचव्या घराशी त्याने पेनाला टोपण लावलं आणि शांतपणे विचारलं, "तो पछी अहीं कोण रहे छे?" मग इथे राहतं तरी कोण? आमचे पुरुष हसले. त्यांना वाटलं, कौतुक केलं. कागदावर ज्याचं नाव त्याचीच सही लागेल, असं बजावून तो शेजारच्या गल्लीत गेला.

शेजारच्या गल्लीत जगभरचे लोक होते, कुणाचा कुणाशी संबंध नाही. जो राहतो त्याच्या नावावर घर. दोन घरं तर चक्क बायकांच्या नावावर. यावरून आमच्या टपरीवर वर्षभर हसणं चालायचं, की बायकोच्या नावावर घर म्हणजे बघा, उद्या हिने काढलं बाहेर तर झोपेल कुठे. त्या गल्लीच्या सह्या एका दुपारी झाल्या. पावसाळा सरल्यावर तिथे नळ्या पडल्या, झाकणं बसली. आमचे मर्यादावाले तिथल्या कोरड्या रस्त्यावरून चालत यायचे आणि स्वतःच्या दारापुढे गटार ओलांडायला उडी मारायचे. लाज नावाची गोष्ट असती तर त्यांनी उडी मारतानाच खाली पाहिलं असतं.

मग गावागावांना पत्रं गेली, फोन गेले. आणि मालक लोक यायला लागले. अहो, काय तो थाट. मुलगी बघायला आल्यासारखे यायचे. एकेकाला स्टेशनवरून आणा, भरीत करा, शेवभाजी करा, खापरावरची पुरणपोळी करा, जाताना कापडाचा तुकडा द्या. काहींनी सही केली. काही म्हणाले विचार करून कळवतो. ज्यांना गावात चावडीवर कुणी विचारत नव्हतं, त्यांना सुरतेत येऊन कळलं की आपल्या एका सहीसाठी चौदा घरं अडून बसलीत. ते सुख कोण लवकर संपवणार?

आमचे जेठ तीनदा आले.

पहिल्यांदा म्हणाले, घरात संडास? जिथे देव्हारा, जिथे चूल, तिथेच? हे बोलले ते भरताचं बोट चाटत. दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांना स्वतःला डबा घेऊन रुळांकडे जावं लागलं. गावाकडे मोकळं शिवार, बाभळीचा आडोसा. इथे गाडीच्या खिडक्यांतून माणसं बघतात. परत आले तेव्हा तोंड एवढंसं झालं होतं. मला वाटलं, आता करतील सही. त्यांनी चहा घेतला आणि म्हणाले, पेरणी होऊ दे.

दुसऱ्यांदा म्हणाले, लाइन आली की घराचा वेरा वाढेल, आणि बिल माझ्या नावाने येईल. वेरा म्हणजे घरपट्टी. ती आजवर माझ्या धाग्यांतून भरली जात होती, हे त्यांना ठाऊक होतं. तिसऱ्यांदा आले तोवर बाकी सगळ्या मालकांच्या सह्या झाल्या होत्या, तरी म्हणाले, घाई कशाला, मी काय पळून चाललोय? प्रत्येक वेळी दोन साड्या आणि सुरती घारीच्या मिठाईचा डबा घेऊन गेले. नवरा त्यांच्यासमोर मूग गिळून बसायचा. मी दाराआडून ऐकायचे. आमच्यात जेठासमोर सून तोंड उघडत नाही. डोक्यावर पदर घ्यायचा, वाढायचं, आत जायचं. रात्री मी नवऱ्याला म्हटलं, तुमची आई पाणी सोडून बसलीय, एवढं तरी सांगा. तो म्हणाला, "दादाला दुखवून कसं चालेल?" आई दुखली तर चालत होतं.

सासूला मी विचारलं, तुम्ही सांगा ना, तुमच्या पोटचा आहे. ती म्हणाली, घर त्याचं आहे, त्याला वाटेल तेव्हा करेल. घर त्याचं आहे असं ती माझ्या चुलीपुढे बसून म्हणाली. मी तिच्यावर चिडले, दोन दिवस धड बोलले नाही. आता ते आठवलं की वाईट वाटतं.

थंडीत एका पहाटे मालगाडी आली. शेजारीण बाळंतपणाला गेली होती, सासूला उचलायला मी एकटीच होते, आणि मी चार पावलं लांब. बायका उठल्या. म्हातारीलाही उठायचं होतं. इतकी वर्षं गाडीसमोर उठत आली होती ना. माझी वाट न बघता हाताचा रेटा देऊन उठली, खडीवरून पाय सरकला आणि कुशीवर पडली. कमरेचं हाड गेलं. गाडी आपली धडधडत निघून गेली. मी तिचं लुगडं खाली ओढलं तेव्हा ती पहिलं वाक्य बोलली ते हे, की कुणी पाहिलं का गं.

डॉक्टरांनी सांगितलं, या वयात हाड जुळायचं कठीण आहे. खाट धरली ती धरलीच. जेठ आले. आईच्या पायाशी बसून लहान पोरासारखे रडले. रडणं खरं होतं, ते मी नाकारत नाही. मग हात धुऊन जेवायला बसले.

मी ताट वाढलं नाही. पाटापुढे पालिकेचा कागद ठेवला, त्यावर पेन ठेवलं, आणि भाकरीची टोपली मांडीशी घेऊन चुलीपाशी बसून राहिले. पदर डोक्यावर होता. तोंडातून एक शब्द काढला नाही, त्यांच्या मर्यादेला कुठे धक्का लावला नाही. नवरा एकदा माझ्याकडे, एकदा भावाकडे बघत होता. खाटेवर म्हातारी कण्हत होती. भाताची वाफ निवली. शेवटी जेठांनी पेन उचललं, सही केली आणि म्हणाले, "बाईमाणसाने एवढं आडमुठं असू नये." मी कागद उचलून डब्यात ठेवला आणि मग भाकरी वाढली. एवढं सोपं होतं ते. वर्षभर आधी केलं असतं तर तिचं हाड शाबूत राहिलं असतं, आणि हे मला कुणी सांगायची गरज नाही.

आमची गल्लीही मग खोदली गेली. मोरीच्या कोपऱ्यात संडास झाला, सासूच्या खाटेपासून दहा पावलांवर. मुकादमाने गल्लीच्या तोंडाशी काळा फळा लावला, त्यावर हिस्सा भरणाऱ्या मालकांची चौदा नावं पांढऱ्या रंगात. त्यातली दोन-तीन माणसं सोडली तर एकही त्या गल्लीत राहत नव्हता. उद्घाटनाला सगळे मालक गावाहून आले, फेटे बांधले गेले, आमच्या घरासमोर नारळ जेठांनी फोडला. मग घरमालकाचा मान म्हणून संडासाचा पहिला वापरही त्यांनीच केला. नवरा बाहेर पाण्याची बादली घेऊन उभा होता. बाहेर आल्यावर जेठ आईला म्हणाले, फार छान झालंय, आता तुला काळजी नाही.

ती भिंतीकडे बघत होती. ते गेले, गर्दी पांगली. दुपार टळत होती, मी तांब्या भरून तिच्या तोंडाशी नेला. तिने ओठ मिटले, मान फिरवली आणि माझ्या हाताला हळूच मागे लोटलं.

"नको वं पोरी," ती म्हणाली. "पानी पिधं का मंग जानं पडस."