चौकात कोण बसणार?

सत्तरच्या दशकात दहिवलीच्या आमच्या बौद्धवस्तीनं समाजमंदिर बांधलं, तेही स्वतःच्या हातांनी. नदीतला दगड मी डोक्यावरून वाहिलाय, उगाच बढाया मारत नाही. त्यात पहिलं लग्न माझं लागणार होतं. सासरचे खोपोलीचे, कारखान्याच्या चाळीत राहणारे. "त्या चार भिंतींत कसलं लग्न? हॉल आम्ही बघतो," म्हणाले. मी म्हटलं, लागेल तर इथंच लागेल. पण समोरची भिंत अगदीच बोडकी दिसायची, ते मलाही डाचत होतं.

आईची एक मैत्रीण होती, माथेरानच्या पायथ्याच्या आदिवासी वाडीतली. दोघी पळसदरीकडं एकाच शेतावर भात लावायला जायच्या. मी तिला मावशी म्हणायची. तिच्या वाडीत लग्नघराची भिंत गेरूनं सारवून तांदळाच्या पिठानं चितारतात. आईनं तिला साकडं घातलं आणि लग्नाच्या आदल्या दिवशी मावशी सकाळीच हजर! बांबूची काडी चावून तिनं कुंचला केला. बघता बघता झाडं, मोर, नाचणारी माणसं उमटली. मधे तिनं मोठी चौकोनी चौकट आखली, त्यांच्याकडं तिला चौक म्हणतात, आणि हात थांबवला.

"हितं देव बसतो. तुमचा कोनता?"

झालं! माझे चुलत आजोबा, वस्तीतले सगळ्यांत थोरले, काठी आपटत पुढं आले.

"देवबिव आमी धम्म घेतला तवाच सोडले. भिंतीवर नाय चालायचे."

"मंग लगीन कोनाच्या साक्षीनं? रिकामा चौक मी सोडनार नाय. वंगाळ हाय ते."

"मंग पुसून टाक सगळं."

पुसलेली भिंत बघून खोपोलीकर काय बोलतील, ते मला आधीच ऐकू येत होतं. मी तडकलेच. "आजोबा, ही भिंत काय देवानं बांधली? आपणच बांधली ना? मग आपल्यालाच बसवा की तिथं!"

मावशी खो-खो हसली. "पोरगी लय तोंडाळ हाय गं तुजी," आईला म्हणाली आणि भिंतीकडं वळली. चौकात दगड वाहणाऱ्या बाया आल्या, गवंडी आला. सगळ्यांच्या पुढं पाठीत वाकलेला एक म्हातारा. आजोबा काठी टेकत भिंतीला अगदी नाक लावून उभे राहिले. मला वाटलं, आता भडकतात.

"माजी काठी ऱ्हायली गं," ते म्हणाले.

मावशीनं काठी काढली.

दुसऱ्या दिवशी वऱ्हाड आलं. हॉलचं नाव कुणी काढलं नाही, सगळे भिंतीपाशीच गोळा झाले. माझ्या आत्तेसासूबाईंनी तर जुन्या सवयीनं चौकासमोर हातच जोडले. "कोणता हो देव हा?"

आजोबा काठी टेकून जमेल तेवढे ताठ झाले.

"देव नाय, बाई. आमी हाव."

नवरीनं मान खाली घालून बसावं म्हणतात. माझी काही केल्या खाली जाईना.