दादाच्या शेंगांवरची बुरशी

दादा गेला तो मंगळवार होता. सकाळी त्याने अंगणात भुईमुगाच्या शेंगा वाळत घातल्या, चहा घेतला आणि खुर्चीत बसल्या बसल्या गेला.

माणसं येऊ लागली. बसायला जागा हवी म्हणून आम्ही शेंगा पोत्यांत भरून मागच्या खोलीत लोटल्या. त्यांना अजून दोन-तीन उन्हं हवी होती. त्या दिवशी ते कुणाच्या मनातही आलं नाही.

वर्षश्राद्ध जवळ आलं तेव्हा वहिनींनी मला पवनारच्या घरी बोलावून घेतलं. कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवायचो. वहिनींनी सोललेले दाणे सुपात माझ्यापुढे ठेवले.

"भाऊजी, त्याइच्या हातचं हे शेवटचं पीक. याचेच लाडू करीन म्हणते. पण बुरा चढला."

मी भिंग काढलं. काही दाण्यांवर काळी पूड होती, पण बहुतेकांवर पिवळसर हिरवी. भिंगाखाली बारीक देठ दिसले आणि प्रत्येकावर गोल डोकं, कांद्याला फुलाचा डेंगळा येतो तसं. अ‍ॅस्परजिलस बुरशी. हिरवी जात असेल तर दाण्यात विष सोडते, तेही डोळ्यांना न दिसणारं.

"धुऊन, भाजून घेतलं तं?"

"विष जात नाही, वहिनी."

"चांगले चांगले निवडते."

"त्याच पोत्यातले चांगले कसे म्हणायचे?"

"मंग बकऱ्यायले घालू."

"त्यांनाही नको."

"तुमच्या भिंगातून चांगलं काई दिसतच नाई का?" त्या म्हणाल्या आणि सूप घेऊन आत गेल्या. मी चहाची वाट पाहिली. चहा आला, पण त्यात साखर नव्हती.

थोड्या वेळाने त्या पुन्हा आल्या, हातात कापडी थैली घेऊन. दादाने त्याच पिकाच्या आधीच्या खेपेच्या कडक वाळलेल्या शेंगा बियाण्यासाठी वेगळ्या काढून माळ्यावर टांगल्या होत्या. "यातही किडे काढा आता," असं म्हणून त्यांनी थैली माझ्या मांडीवर टाकली.

मी घरी पिपरीला येऊन त्यातले काही दाणे ओल्या टीपकागदावर ताटलीत ठेवले आणि वर झाकण घातलं. रोज सकाळी वर्तमानपत्राच्या आधी ती ताटली उघडायचो. हिरवी बुरशी कुठे धरली नाही. थोडे दाणे तसेच राहिले, बाकीच्यांना पांढरे मोड आले. ती ताटली तशीच उचलून मी बसने वहिनींकडे नेलं.

त्यांनी मोड आलेल्या एका दाण्याला बोटाने हलकेच स्पर्श केला. "लाडू नाई करत," त्या म्हणाल्या. "लावूनच टाकू. आणि ते पोते गाडा आजच, नाईतं माझं मन फिरन."

शेताच्या कडेला खड्डा खणून आम्ही पोती गाडली. श्राद्धाला बाजारच्या दाण्यांचे लाडू झाले. वहिनींनी दोन खाल्ले.

विहिरीजवळ भुईमुगाच्या दोन ओळी आहेत. त्यांना पिवळी फुलं आली आहेत.